डिफरन्शियल बदलल्यावर लागणारे इशाऱ्याचे दिवे : कारणें व तपासणीचा क्रम

शेतरस्त्यावरून माल नेणाऱ्या जीपवजा गाड्यांचें मागलें डिफरन्शियल हें फार ताण सोसणारें अंग आहे. ओझें अधिक झालें, तेल वेळेवर बदललें गेलें नाहीं, किंवा एक चाक चिखलांत वारंवार गरगरत राहिलें, म्हणजे आंतील दांते झिजतात व घरघर सुरू होते. नव्या भागाचा खर्च टाळावा म्हणून पुष्कळ शेतकरी जुन्या सुट्या भागांच्या बाजारांतून त्याच जातीच्या गाडीचें डिफरन्शियल आणून बसवितात. घरघर थांबते, परंतु गाडी रस्त्याला लागते न लागते तोंच समोरच्या फळीवर ए.बी.एस.चा पिवळा दिवा आणि घसरत्या गाडीचें चित्र असलेला ट्रॅक्शनचा दिवा लागतो, व तो विझत नाहीं. मालक म्हणतो, मिस्त्रीनें काम बिघडविलें. मिस्त्री म्हणतो, दिव्याकडे पाहूं नका. तिसरा एखादा बल्बच काढून टाकण्याचा सल्ला देतो. या तिघांचेंही म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. हा दिवा डिफरन्शियल मोडल्याचा नव्हे, तर चाकांच्या फेऱ्यांचा हिशेब जुळत नसल्याचा आहे. तो हिशेब कोठें चुकतो तें क्रमानें पाहिल्यास दोष बहुधा थोड्या खर्चांत सांपडतो.

प्रथम डिफरन्शियलचें काम ध्यानांत घेऊं. बैलगाडीचीं दोन्ही चाकें आंसावर निरनिराळीं फिरतात. म्हणून वळतांना बाहेरचें चाक अधिक फेरे घेतें, आंतलें कमी घेतें, आणि कोणतेंच फरफटत नाहीं. मोटारींत मात्र इंजिनाची शक्ति दोन्ही चाकांस पोंचवावयाची आणि वळणावर त्यांना कमीअधिक फेरे घेऊं द्यावयाचे, हीं दोन्ही कामें एकदम साधावीं लागतात. तीं साधणारी दांतेरी चाकांची योजना ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीनें सन १८२७ च्या सुमारास काढली. तिच्यांत एक उणीव आहे. एक चाक चिखलांत फिरूं लागलें कीं दुसऱ्या चाकासही तितकाच अल्प जोर मिळतो, व गाडी जागची हलत नाहीं.

ही उणीव भरून काढण्याचें काम आतां संगणक करतो. प्रत्येक चाकाच्या तुंब्याजवळ एक दांतेरी कडें असतें व त्याच्या अगदीं जवळ एक सेन्सर असतो. कडें फिरलें कीं सेन्सर दांते मोजून संगणकास कळवितो. ब्रेक दाबला असतां एखादें चाक एकाएकीं थांबूं लागलें, तर संगणक त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करतो, हीच ए.बी.एस. होय. उलट, एखादें चाक इतरांहून फार वेगानें फिरूं लागलें, तर तें चाक घसरत आहे असें समजून संगणक त्यास ब्रेक लावतो किंवा इंजिनाची शक्ति कमी करतो. हें ट्रॅक्शन कंट्रोल. बॉश कंपनीची ए.बी.एस. सन १९७८ मध्यें मर्सिडीज-बेंझच्या गाडींत विक्रीस आली. आपल्या देशांत नव्या मोटारगाड्यांस ती सन २०१९ च्या एप्रिलपासून सक्तीची झाली आहे. दोन्ही योजना त्याच सेन्सरांवर अवलंबून असल्यामुळें एक सेन्सर चुकला कीं दोन्ही दिवे जोडीनें लागतात.

दिव्यांचा अर्थ नीट समजून घ्यावा. किल्ली फिरवितांच सर्व दिवे कांहीं क्षण लागून विझतात. ती संगणकाची स्वतःची तपासणी होय. चिखलांतून जातांना ट्रॅक्शनचा दिवा लुकलुकला, तर ती योजना काम करीत आहे. तो स्थिर लागून राहिला, तर ती योजना बंद पडली आहे. ए.बी.एस.चा पिवळा दिवा स्थिर असतां साधा ब्रेक लागतो, परंतु जोरानें दाबल्यास चाकें जखडून गाडी घसरूं शकते. पिवळ्याबरोबर ब्रेकचा तांबडा दिवाही लागला, तर गाडी पुढें नेऊं नये. ब्रेकचें तेल कमी झालेलें असणें किंवा मागच्या-पुढच्या ब्रेकची वांटणी बंद पडलेली असणें संभवतें. पावसाळ्यांत भरल्या गाडीनें घाट उतरतांना याचा परिणाम काय होईल, हें सांगावयास नकोच. म्हणून बल्ब काढणें म्हणजे राखणदाराच्या तोंडांत बोळा कोंबणें होय.

आतां तपासणी. पहिला प्रश्न असा, कीं दिवा केव्हां लागतो? किल्ली फिरविल्यापासूनच तो विझत नसेल, तर दोष बहुधा विजेच्या मार्गांत असतो : सेन्सरचा कनेक्टर जोडावयाचा राहिला, तार ताणून तुटली, किंवा सेन्सर निकामी झाला. गाडी कांहीं अंतर चालल्यावर दिवा लागत असेल, तर तार शाबूत असून मिळणारी मोजणी चुकीची आहे असें समजावें. एवढ्या एका निरीक्षणानें निम्मा शोध पुरा होतो.

दुसरें, ज्या ठिकाणीं हात लागला तेंच ठिकाण आधीं पाहावें. डिफरन्शियल उतरवितांना आंसाचे दांडे बाहेर ओढावे लागतात. त्या वेळीं सेन्सरचें टोंक ठेचलें जातें, कडें तडकतें किंवा जागचें सरकतें, आणि लोंबता ब्रेक तारेस ओढतो. डावा व उजवा कनेक्टर सारखाच असल्यास त्यांची अदलाबदलही होते. सेन्सरचें टोंक पुसून पाहावें. पूर्वींच्या झिजलेल्या दांत्यांचा लोहकीस चुंबकी टोंकास चिकटून बसलेला पुष्कळदां आढळतो. चारही टायर एकाच मापाचे व सारख्या हवेचे आहेत काय, आणि बॅटरी अशक्त तर नाहीं ना, हेंही याच वेळीं पाहून घ्यावें.

तिसरें, दोषाचा अंक वाचून घ्यावा. साधा स्वस्त स्कॅनर पुष्कळदां इंजिनापुरताच असतो; ए.बी.एस. वाचणारा स्कॅनर ज्या गॅरेजांत असेल तेथें जावें. प्रचलित अंकांत सी ००३५ हा पुढील डाव्या, सी ००४० पुढील उजव्या, सी ००४५ मागील डाव्या व सी ००५० मागील उजव्या चाकाच्या सेन्सरचा अंक आहे. अंक निघाला कीं लगेच नवा सेन्सर विकत घेऊं नये. अंक दोषाचें ठिकाण दाखवितो, कारण दाखवीत नाहीं. त्याच स्कॅनरवर चारही चाकांची गति एकदम पाहतां येते. सरळ रस्त्यावर संथ गाडी चालवावी व दुसऱ्यानें आंकडे पाहावे. एक आंकडा शून्य असेल, तर तार किंवा सेन्सर. मधूनमधून उडत असेल, तर तडकलेलें कडें किंवा वाढलेलें अंतर. आणि सतत ठराविक प्रमाणांत कमी वा अधिक असेल, तर दांत्यांची संख्या किंवा टायर, असा निर्णय करावा. चाक उचलून हातानें फिरविल्यावर भलत्याच चाकाचा आंकडा हलला, तर कनेक्टर उलटे लागले आहेत.

मल्टिमीटर जवळ असल्यास जुन्या चुंबकी जातीच्या सेन्सरचा रोध मोजावा. तो बहुधा १००० ते २५०० ओहमच्या दरम्यान असतो. डाव्या-उजव्यांत फार तफावत नसावी. नव्या, वीजपुरवठ्यावर चालणाऱ्या जातीस ही कसोटी लावूं नये. सेन्सर व कडें यांमधील अंतर सामान्यतः एका मिलिमीटरच्या आसपास असतें. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तकांतून घ्यावा. कांहीं गाड्यांत लोखंडी दांत्यांऐवजीं बेअरिंगच्या झांकणांत चुंबकी पट्टी असते. बेअरिंग उलट बसविल्यास सेन्सरला कांहींच दिसत नाहीं. म्हणून ती बाजू बसवितांनाच ओळखावी, व तिच्याजवळ लोहचुंबक नेऊं नये.

दांत्यांच्या संख्येकडे विशेष लक्ष पुरवावें. पुष्कळदां नुसता मधला भाग न बदलतां आंसाचें सबंध घर बदलतात. तेव्हां कडींही नवीं येतात. कांहीं पिकअप गाड्यांत तर मागल्या दोन्ही चाकांसाठीं एकच सेन्सर डिफरन्शियलच्या घरावर असतो, व कडें क्राऊन व्हीलबरोबर फिरतें. समजा, मूळच्या कड्यास ४४ दांते होते व नव्यास ४८ आहेत. गाडी ताशीं ४४ किलोमीटर चालत असतां संगणकास मागलीं चाकें ४८ नें फिरतांना दिसतील. चाकें घसरत आहेत असें समजून तो चढावर शक्ति तोडील, किंवा हिशेब अशक्य ठरवून योजनाच बंद करील. याच्या उलट, ४८ च्या जागीं ४४ आले, तर मागलीं चाकें मंद दिसतील व ब्रेक दाबतांच तीं जखडत आहेत असा भ्रम होऊन ब्रेक सैल होण्याचा धोका उत्पन्न होईल. असा दोष सेन्सर बदलून कधींही जाणार नाहीं. योग्य कडें बसविणें, किंवा संगणकांत दांत्यांची संख्या भरण्याची सोय असल्यास ती भरून घेणें, हेच उपाय आहेत.

यानंतर डिफरन्शियलचें गुणोत्तर. ४.१० म्हणजे चाकांच्या एका फेऱ्यास प्रॉपेलर शाफ्टचे ४.१० फेरे. तें मोजण्याची रीत सोपी आहे. गाडी सपाट जागीं उभी करून पुढील चाकांस दोन्ही बाजूंनीं दगड लावावे, गिअर मोकळा ठेवावा, एक मागलें चाक उचलून आंसाखालीं भक्कम लोखंडी टेकू द्यावा व मग हातब्रेक सोडावा. उचललेलें चाक पुरे दोन फेरे फिरवावें व शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजावे, तेंच गुणोत्तर. दुसरें चाक स्थिर असल्यामुळें एका फेऱ्याऐवजीं दोन फेरे द्यावे लागतात. ही रीत बिनकुलपी, साध्या डिफरन्शियललाच लागू आहे. चारही चाकांस शक्ति देणाऱ्या गाडींत मागचें व पुढचें गुणोत्तर एकच असलें पाहिजे. तें भिन्न असल्यास फोर-व्हील लावतांच दोन्ही आंस एकमेकांशीं झगडतात, टायर घासतात, व ट्रान्सफर केस मोडण्याची भीति असते. असा भाग उतरवूनच ठेवावा. दिवा विझविण्याची खटपट करूं नये.

ज्या डिफरन्शियलला विजेचें कुलूप असतें त्याची एक निराळी गोष्ट आहे. कुलूप लावलें असतां दोन्ही चाकें एकत्र फिरतात, म्हणून कित्येक गाड्यांत तेवढ्यापुरती ए.बी.एस. व ट्रॅक्शन आपोआप बंद होऊन दिवे लागतात. हा दोष नव्हे. परंतु कुलुपाचा स्विच अडकला, किंवा कुलपी डिफरन्शियलच्या जागीं साधें बसवून तार लोंबती ठेवली, तर संगणकाचा गैरसमज होऊन दिवा कायमचा राहतो.

दुरुस्ती झाल्यावर जुने अंक पुसून गाडी चालवून पाहावी. तेच अंक पुनः उमटले तर दोष शिल्लक आहे. ब्रेकची नळी उघडली असल्यास हवा पूर्ण काढावी. बॅटरी सोडली असल्यास किंवा चाकांची दिशा बदलून घेतली असल्यास सुकाणूच्या कोनाची नोंद स्कॅनरनें पुनः करून घ्यावी लागते. एरवीं सर्व भाग निर्दोष असूनही ट्रॅक्शनचा दिवा राहतो.

सर्वांत स्वस्त तपासणी मात्र खरेदीपूर्वींची. जुनें डिफरन्शियल घेण्यास जातांना आपल्या गाडीचें गुणोत्तर, कड्याचे दांते, सेन्सरची जागा, कनेक्टरची जात व कुलूप आहे कीं नाहीं, या पांच गोष्टी कागदावर लिहून न्याव्या आणि पैसे देण्याआधीं त्या तेथेंच ताडून घ्याव्या. बैल विकत घेतांना आपण त्याचे दांत पाहतों. तीच सावधगिरी येथेंही बाळगावी.