हरिहरेश्वरला वाहत आलेली बेवारस नौका
आमच्या शहापूर-मुरबाडला समुद्र नाही, तरी १८ ऑगस्ट २०२२ ची ती बातमी इथेही घरोघरी पोचली होती. दहीहंडीच्या आदल्या दिवशी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला ‘लेडी हान’ ही नौका लागली. आत माणूस नाही, पण तीन एके-४७ आणि काडतुसं! २६/११ नंतर महाराष्ट्राला धडकी भरणारच.

त्याच दिवशी तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत खुलासा केला. नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेची, मस्कतहून युरोपला निघालेली. २६ जूनला इंजिन बंद पडलं. कोरियन युद्धनौकेने माणसांना वाचवलं, पण समुद्र खवळलेला असल्यामुळे नौका ओढून नेता आली नाही. ती वाहत वाहत कोकणात आली.

मग बंदुका कशाला? त्या वाटेवर एडनचं आखात आणि तांबडा समुद्र लागतो. प्रवासी नौका मुळात संथ, तिचा काठही पाण्यापासून जेमतेम वर, त्यामुळे चाचे सहज चढतात. २००९ साली सेशेल्सजवळ ‘लिन रायवल’वरच्या ब्रिटिश दांपत्याला सोमाली चाच्यांनी पळवलं; सुटायला वर्षाहून जास्त लागलं. २०११ मध्ये ‘क्वेस्ट’वरचे चारही अमेरिकन मारले गेले. म्हणून काहीजण सशस्त्र रक्षक घेतात. पण शस्त्रांसकट सोडलेली नौका दुसऱ्याच किनाऱ्याला घोर लावते, आणि माझ्या मते या धोक्याची चर्चा फारच कमी होते.

कोकणात फिरताना अशी बेवारस नौका दिसली तर आत चढू नका. तटरक्षक दलाला १५५४ वर लगेच कळवा.