गोड, अगदी गळेपर्यंत!

हाँगकाँगमध्ये कुणाला 'सुंदर' म्हणायचंय? नुसतं 'लेंग' म्हणून भागत नाही! कँटोनीज भाषेत विशेषण सहसा एकटं फिरत नाही, सोबत 'होउ' लागतो. होउ म्हणजे 'खूप'. नुसतं 'तो उंच' म्हटलंत, तर समोरचा विचारेल, कुणापेक्षा? म्हणून 'तो उंच आहे' एवढं साधं सांगायलाही 'तो खूप उंच'!

माहीत आहे का? या होउचा मूळ अर्थ 'चांगलं'. मग 'खूप चांगलं' कसं म्हणणार? होउ होउ! (होऊ दे, होऊ दे!)

पण गोची बघा. उठसूट 'खूप' वापरल्यावर त्या बिचाऱ्यात दम कुठून राहणार? मग खरोखरच 'खूप' म्हणायचं असेल तर? थेट भूत बोलवायचं! भूत म्हणजे 'ग्वय'. 'ग्वय गम लेंग' म्हणजे 'भुतासारखी सुंदर', आणि ही चक्क तारीफ आहे. आपण नाही का 'भयंकर सुंदर' म्हणत? आता गंमत अशी, की 'महाग'लाही ग्वयच म्हणतात, फक्त सूर वेगळा. त्यामुळे भयानक महाग वस्तू म्हणजे 'ग्वय गम ग्वय'. किंमत ऐकून भूतसुद्धा पळेल!

हे भूत शब्दाच्या पोटातही शिरतं. 'मा-फान' म्हणजे कटकटीचं. फारच वैताग आला की 'मा-ग्वय-फान'! इंग्रजीतल्या 'अ‍ॅब्सो-ब्लडी-लूटली'चा हा हाँगकाँगी भाऊ.

भुतानंही भागेना? मग स्फोट करा. 'लेंग बाउ गेंग' म्हणजे आरसा फुटेल इतकी देखणी. महागाई 'उडून जाईपर्यंत', गरिबी 'करपेपर्यंत'. आणि आमचं फेव्हरेट: 'तीम दोउ लऊ', म्हणजे गोड, इतकं गोड की गळायला लागलं! मिठाईला चालतं, आणि एकमेकांना क्षणभरही न सोडणाऱ्या कपल्सनाही.

आता जरा घरच्यासारखं वाटेल असं. आपलं काळाकुट्ट, पांढराशुभ्र, थंडगार आठवा. रंगाला किंवा स्पर्शाला त्याची खास शेपटी! तिकडेही तोच थाट, फक्त शेपटी डबल. काळाकुट्ट म्हणजे 'हक मा मा', थंडगार म्हणजे 'दुंग बिंग बिंग' (बिंग म्हणजे बर्फ). आणि गुपचूप म्हणजे? 'चिंग गय गय', शब्दशः 'शांत-कोंबडी-कोंबडी'! गय म्हणजे कोंबडी बरं का, गाय नव्हे. जगातली कुठली कोंबडी गुपचूप असते, हे मात्र आम्हाला विचारू नका.

आणि इथे तर पूर्ण यू-टर्न! आपण 'लाल लाल' म्हटलं की रंग चढतो. तिकडे 'हुंग' म्हणजे लाल. पण ते दोनदा म्हणून शेवटी 'देइ' लावलं, 'हुंग हुंग देइ', की रंग उतरतो आणि उरतं नुसतं लालसर.

माहीत आहे का, तुलना करताना कँटोनीज माणूस चक्क ओव्हरटेक करतो? 'मी तुझ्यापेक्षा उंच' म्हणजे 'ङो गोउ ग्वो नेइ': मी, उंच, ओलांडून, तू. कँटोनीजची चिनी बहीण असलेल्या मँडरिनमध्ये ही रचना वेगळी, तिथे तुलनेचा शब्द विशेषणाच्या आधी येतो. आणि हो, शाळेत पाठ केलेला तो बेरोजगार 'ङ' आठवतो? तिकडे तो रोज ड्यूटीवर असतो, कारण 'मी' म्हणजेच ङो! अर्थात तरुण पोरं हल्ली त्यालाही गिळून नुसतं 'ओ' म्हणतात.

इंग्रजी विशेषणंही या कारखान्यातून सुटत नाहीत. खूप आनंदात असाल तर 'होउ हॅपी'. आणि 'हॅपी आहेस की नाही?' विचारायचं तर हॅपीचेच दोन तुकडे: 'हॅप-म-हॅपी?' मधला 'म' म्हणजे 'नाही'.

तर वाचकहो, कसं वाटलं? 'होउ होउ' असेल तर मित्रांना वाचून दाखवा. 'मा मा देइ', म्हणजे ठीकठाक, असेल तर चिंग गय गय पान उलटा!