तरुण डॉक्टर आणि त्याचा गुरू

रुग्णालयातील नवशिक्या डॉक्टरला कथानायक करण्याची कल्पना दूरचित्रवाणीहूनही जुनी आहे. मॅक्स ब्रँड या टोपणनावाने लिहिणाऱ्या फ्रेडरिक फाउस्ट या अमेरिकन लेखकाने डॉ. किल्डेअर हे पात्र निर्माण केले. १९३७ साली ते प्रथम चित्रपटात आले. पुढे १९६१ ते १९६६ या काळात एन. बी. सी. वाहिनीवरील मालिकेने ते घरोघरी पोहोचविले. रिचर्ड चेंबरलेन यांनी किल्डेअरची, तर रेमंड मॅसी यांनी ज्येष्ठ डॉ. गिलेस्पी यांची भूमिका केली.

गुरुशिष्यांचे हे नाते हाच या मालिकेचा गाभा होय. किल्डेअर आरंभी इंटर्न असतो. त्याच्यापाशी पदवी असते, अनुभव नसतो. तो अनुभव रुग्णाच्या खाटेपाशीच मिळवावा लागतो आणि तेथे झालेल्या चुकीची किंमत रुग्णाला मोजावी लागते. म्हणूनच शिष्याच्या हातावर गुरूची नजर असणे अगत्याचे ठरते.

मालिकेसाठी अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा सल्ला घेतला जात असे. त्यामुळे वैद्यकीय तपशील अचूक राहण्यास साहाय्य झाले. मात्र डॉक्टरांची प्रतिमा उजळ राखण्याकडेही कल राहिला.

भारतात विजया मेहता यांनी १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभी दूरदर्शनसाठी 'लाइफलाइन' ही रुग्णालयावरील मालिका दिग्दर्शित केली. शिकाऊ डॉक्टरला आपली चूक निर्भयपणे सांगता यावी आणि रुग्णही सुरक्षित राहावा, अशी व्यवस्था कशी उभारावी, हा प्रश्न पडद्याबाहेरील रुग्णालयांपुढे आजही उभा आहे.