शिसे, शास्त्रज्ञ आणि सरकार

अमेरिकेतल्या गॅस स्टेशनवर पंपाकडे नीट पाहिले तर ‘अनलेडेड’ हा शब्द आजही दिसतो. गाडीत पेट्रोल भरता भरता आपण तो वाचतो आणि विसरतो. जी वस्तू नाही तिची पाटी सहसा कोणी लावत नाही. दुधाच्या डब्यावर ‘यात शिसे नाही’ असे लिहिलेले नसते. पण पेट्रोलमध्ये शिसे होते, १९२३ पासून थेट १९९५ अखेरपर्यंत होते, आणि ते निघावे म्हणून प्रयोगशाळेतल्या काही माणसांना आपले काम घेऊन सिनेटच्या समित्यांपुढे, न्यायालयांत आणि वर्तमानपत्रांत उभे राहावे लागले.

आपल्या मंडळात प्राध्यापक, डॉक्टर, रसायनशास्त्रज्ञ, इंजिनियर यांची वाण नाही. त्यामुळे संशोधकाने सार्वजनिक वादात पडावे का, हा प्रश्न आपल्या बैठकांत अधूनमधून निघतोच. एक पक्ष म्हणतो, शास्त्रज्ञाने शोध लावावा, धोरण पुढाऱ्यांवर सोडावे. दुसरा म्हणतो, ज्याला कळते तोच गप्प बसला तर बोलायचे कोणी? या वादाचा निकाल तत्त्वचर्चेने लागणे कठीण. त्यापेक्षा शिशाची हकिगत सविस्तर पाहिली तर जास्त उमगते.

पुरावा कोणी द्यायचा?

१९२१ साली जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली या इंजिनियरला आढळले की, टेट्राएथिल लेड हे द्रव्य पेट्रोलमध्ये किंचित मिसळले तर इंजिनातले ठोके थांबतात. १९२३ मध्ये ते बाजारात आले. नाव ठेवले ‘इथिल’. शिशाचा उल्लेख नावातून अलगद गळला. शिसे विषारी असते हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. रंगारी, छपाई कामगार आणि कुंभार यांच्या दुखण्यांतून ते पूर्वीपासून माहीत होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात हे द्रव्य तयार करणारे कामगार भ्रमिष्टासारखे वागू लागले. पाच जण मरण पावले आणि तीसहून अधिक इस्पितळात गेले. वर्तमानपत्रांत गवगवा झाला आणि २० मे १९२५ रोजी सर्जन जनरलने वॉशिंग्टनमध्ये परिषद बोलावली.

त्या परिषदेत जाणकार हजर होते. येलचे शरीरशास्त्रज्ञ यँडेल हेंडरसन आणि हार्वर्डच्या पहिल्या स्त्री प्राध्यापक, औद्योगिक आजारांच्या तज्ज्ञ डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी बजावले की हे विष रस्तोरस्ती पसरेल आणि त्याचा परिणाम सावकाश, नकळत होईल. पण त्यांच्याजवळ अनुभव होता, आकडे नव्हते. गाड्या पुरेशा धावल्याच नव्हत्या, तर आकडे कुठून येणार? उलट बाजूला सिनसिनाटीचे डॉ. रॉबर्ट केहो होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की धोका आहे असे दाखवून द्या, मग आम्ही थांबू. जानेवारी १९२६ मध्ये तज्ज्ञ समितीने कळवले की बंदी घालायला तूर्त सबळ कारण दिसत नाही, मात्र अभ्यास चालू ठेवावा. तो अभ्यास पुढची जवळजवळ चाळीस वर्षे मुख्यतः उद्योगाच्या पैशाने केहो यांच्या प्रयोगशाळेत झाला.

इथेच या विषयाची खरी मेख आहे. ‘घातक आहे हे सिद्ध करा’ म्हणायचे की ‘निर्धोक आहे हे सिद्ध करा’, हा निर्णय शास्त्राचा नसतो, समाजाचा असतो. १९२५ साली तो निर्णय विकणाऱ्याच्या बाजूने झाला, आणि वर पुरावा शोधण्याचे कामही त्याच्याकडेच गेले.

पृथ्वीचे वय मोजणारा माणूस

ही कोंडी फोडली ती भलत्याच विषयातल्या माणसाने. क्लेअर पॅटरसन हे भूरसायनशास्त्रज्ञ उल्कापाषाणातल्या शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय काढत होते. त्यांचे उत्तर, सुमारे ४५५ कोटी वर्षे, १९५६ साली प्रसिद्ध झाले. पण ते काढताना त्यांना एका गोष्टीने हैराण केले होते. हवा, पाणी, काचेची भांडी, स्वतःचे केस, जिकडे पाहावे तिकडून शिसे नमुन्यात शिरत होते. ते टाळण्यासाठी त्यांनी कॅल्टेकमध्ये सोवळ्यातल्या स्वयंपाकघरालाही लाजवील अशी स्वच्छ प्रयोगशाळा उभी केली.

मग त्यांनी समुद्राकडे मोर्चा वळवला. वरच्या पाण्यात खोल पाण्यापेक्षा शिसे कितीतरी जास्त, म्हणजे ते अलीकडचे. ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांतही तेच दिसले. जितका थर नवा तितके शिसे जास्त. १९६५ साली त्यांनी लिहिले की अमेरिकन माणसाच्या शरीरातले शिसे निसर्गतः असायला हवे त्याच्या सुमारे शंभरपट आहे. केहो यांची चूक त्यामुळे उघड झाली. ‘सगळ्यांच्या अंगात असते, म्हणजे ते स्वाभाविकच’ असे त्यांनी धरून चालले होते. घरातले सगळेच खोकत असले म्हणजे खोकला निरोगी ठरत नाही!

१९६६ मध्ये सिनेटर मस्की यांच्या उपसमितीपुढे केहो आणि पॅटरसन या दोघांच्या साक्षी झाल्या. पॅटरसन यांना याची किंमतही मोजावी लागली. त्यांना मिळणारे काही संशोधन-निधी आटले, आणि १९७१ साली राष्ट्रीय संशोधन परिषदेने हवेतल्या शिशावर समिती नेमली तेव्हा हा विषय सर्वांत अचूक मोजणाऱ्या माणसालाच तिच्यात जागा मिळाली नाही.

दुधाचे दात

शिसे आहे एवढे कळून भागत नव्हते. त्याने बिघडते काय, हे दाखवायला हवे होते. रक्तातले शिसे फक्त अलीकडचा हिशेब सांगते. डॉ. हर्बर्ट नीडलमन यांना सुचले की मुलाचा पडलेला दुधाचा दात ही वर्षानुवर्षांची नोंदवही आहे. बॉस्टनजवळच्या चेल्सी आणि समरव्हिल गावांतल्या शाळकरी मुलांचे दात त्यांनी गोळा केले. १९७९ साली निष्कर्ष छापून आला. ज्यांच्या दातांत शिसे जास्त, त्यांचा बुद्ध्यंक सरासरी सुमारे चार गुणांनी कमी, आणि वर्गातले लक्षही कमी. यांतली कोणतीही मुले विषबाधेची रुग्ण म्हणून इस्पितळात गेलेली नव्हती.

चार गुण म्हणजे काय एवढे, असे एका मुलाबाबत म्हणता येईल. पण सबंध पिढीची सरासरी तेवढी घसरली तर अगदी हुशार मुले निम्म्यावर येतात आणि विशेष शिक्षणाची गरज असलेली मुले वाढतात. हा मुद्दा लोकांना पटला, आणि तितकाच काहींना बोचला. पुढे नीडलमन यांच्यावर आकड्यांत लबाडी केल्याचा आरोप झाला. आरोप करणारे दोघे तज्ज्ञ शिसे उद्योगाच्या बाजूने साक्षीदार राहिलेले होते. बंद दाराआड चौकशी नको, सुनावणी उघड घ्या, असा आग्रह नीडलमन यांनी धरला. १९९२ साली पिट्सबर्गला ती झाली. कामातल्या काही उणिवा दाखवल्या गेल्या, पण लबाडी आढळली नाही; आकडे पुन्हा तपासल्यावरही मूळ निष्कर्ष टिकला.

हिशेबाची भाषा

एव्हाना पेट्रोलमधले शिसे कमी होऊ लागले होते, त्याला एक व्यावहारिक कारणही होते. १९७५ पासूनच्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसले आणि शिशाने ते निकामी होत. यातून आपोआप एक प्रयोग घडला. १९७६ ते १९८० या काळात पेट्रोलमधले शिसे जसजसे उतरले तसतसे अमेरिकन लोकांच्या रक्तातले सरासरी शिसे सुमारे ३७ टक्क्यांनी उतरले. दोन्ही आलेख जणू एकमेकांचे हात धरून खाली आले.

तरीही १९८२ च्या सुमारास नियम सैल करण्याचा विचार सरकारात चालला होता. पर्यावरण संस्थेतले अर्थतज्ज्ञ जोएल श्वार्ट्झ यांनी तेव्हा डॉलरमध्ये हिशेब मांडला. मुलांचे औषधपाणी, विशेष शिक्षण, गाड्यांची दुरुस्ती हे सारे धरले तर शिसे काढण्याचा फायदा खर्चाच्या कितीतरी पट होता. १९८५ साली मर्यादा एका गॅलनला १.१ ग्रॅमवरून ०.१ ग्रॅमवर आणायचे ठरले, आणि १ जानेवारी १९९६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोलवर पूर्ण बंदी आली. भारतात ते २००० साली गेले, आणि जगात सर्वांत शेवटी, २०२१ मध्ये, अल्जिरियात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन लहान मुलांच्या रक्तात सरासरी १५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर शिसे होते. आज ते एकाहून कमी आहे.

एकाने मूळ पातळी मोजली, दुसऱ्याने इजा दाखवली, तिसऱ्याने किंमत सांगितली. यांपैकी एकटा कोणीही पुरा पडला नसता.

पाणी आणि हळद

हा सगळा जुना इतिहास झाला असे कोणी समजू नये. मिशिगनमधल्या फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये काटकसरीसाठी नदीचे पाणी घेतले, पण जुने नळ झिजू नयेत म्हणून घालायचे रसायन घातले नाही. व्हर्जिनिया टेकचे मार्क एडवर्ड्स यांच्या तुकडीने गावकऱ्यांकडूनच घराघरांतल्या पाण्याचे नमुने गोळा केले. बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हन्ना-अतीशा यांनी रुग्णालयाच्या नोंदींतून दाखवले की जास्त शिसे असलेल्या बालकांचे प्रमाण २.४ वरून ४.९ टक्क्यांवर गेले आहे. या डॉक्टरीणबाई इराकी आईवडिलांची मुलगी, म्हणजे आपल्यासारख्याच स्थलांतरितांच्या घरातल्या. सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांनी पत्रकार परिषद घेतली तेव्हा राज्याच्या अधिकाऱ्यांनी आकडे खोडून काढायचा प्रयत्न केला. पण थोड्याच दिवसांत ते मान्य करावे लागले आणि ऑक्टोबरमध्ये पाणी बदलले.

दुसरे उदाहरण आपल्या मिसळणाच्या डब्यातले. बांगलादेशातल्या गर्भवती स्त्रियांच्या रक्तात शिसे कुठून येते, हे स्टॅनफर्ड आणि ढाक्याच्या संशोधकांनी शोधले तेव्हा माग हळदीपर्यंत पोचला. हळकुंडे पिवळीधमक दिसावीत म्हणून त्यांना लेड क्रोमेट चोपडले जात होते. रक्तातले शिसे आणि हळदीतले शिसे एकच, हे ठरवायला समस्थानिकांचाच उपयोग झाला, म्हणजे पॅटरसन यांचीच वाट. संशोधकांनी ही माहिती २०१९ मध्ये तिथल्या अन्नसुरक्षा खात्याकडे नेली. छापे पडले, दंड झाले, बाजारात सूचना लागल्या. शिसे आढळलेल्या हळदीच्या नमुन्यांचे प्रमाण ४७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये शून्यावर आले. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनीही तिथल्या दुकानांतला आणि मुंबई-दिल्लीचा सिंदूर तपासून २०१७ साली निष्कर्ष छापले. बहुतेक नमुन्यांत कमी-अधिक शिसे निघाले. घरात लहान मूल असेल आणि मसाले गावाहून सुटे येत असतील, तर डॉक्टरांकडून मुलाची रक्ततपासणी करून घेणे शहाणपणाचे.

आपला वाटा

‘आपण बरे, आपले काम बरे’ ही आपल्या लोकांची जुनी सवय. परक्या देशात ती अधिकच घट्ट होते. पण इथली व्यवस्था माहीत असावी. केंद्रीय खात्याला नवा नियम करायचा असला की साधारणपणे मसुदा फेडरल रजिस्टरमध्ये छापून लोकांची मते मागवावी लागतात, आणि महत्त्वाच्या आक्षेपांना लेखी उत्तर द्यावे लागते. मत पाठवायला नागरिकत्व लागत नाही. व्हिसावर असलेला माणूसही पाठवू शकतो. गावाची पाणीसमिती, शाळेचे मंडळ यांच्या सभांतही तीन मिनिटे बोलता येते. तिथे पदव्यांची यादी वाचून उपयोग नसतो. मला काय ठाऊक आहे, किती खात्रीने ठाऊक आहे आणि ते कोणालाही कुठे पडताळता येईल, एवढे साध्या भाषेत सांगितले की पुरते. आणि ज्याच्याकडून आपण पगार वा निधी घेतो त्याचे नाव आधी सांगून टाकावे.

ज्यांचे हे क्षेत्र नाही त्यांनाही ऐकणाऱ्याचे काम आहेच. ‘धोका सिद्ध झालेला नाही’ असे कोणी छातीठोकपणे म्हणाले की तीन प्रश्न विचारावेत: तो शोधला कोणी, पैसे कोणाचे होते, आणि आकडे आम्हाला पाहायला मिळतील का?