न्हाणीघराचा राखणदार

गुहागर तालुक्यात अंजनवेलला विजेचा अवाढव्य प्रकल्प उभा आहे. क्षमता १,९६७ मेगावॉट. त्याच तालुक्यातल्या एखाद्या न्हाणीघरात माणसाचा जीव घ्यायला मात्र किती वीज पुरते? नऊ वॉटचा एलईडी दिवा साधारण ४० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. तेवढाच प्रवाह सेकंदभर छातीतून गेला, तरी हृदयाची लय बिघडू शकते. जो प्रवाह दिव्याला जेमतेम पुरतो, तो माणसाला झेपत नाही.

त्यात न्हाणीघर म्हणजे ओलं अंग आणि ओली फरशी. कोरडी कातडी विजेला बऱ्यापैकी अडवते. भिजली की ती अडवणूक संपते आणि शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरतो. २३० व्होल्टला हजारने भागा: २३० मिलिअँपिअर. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डाल्झिल यांनी स्वयंसेवकांवर मोजून पाहिलं होतं, की किती प्रवाहाला हाताची मूठ सोडवेनाशी होते. पुरुषांची सरासरी आली १६ मिलिअँपिअर, स्त्रियांची त्याहून कमी. म्हणजे करंट मारणारा नळ हातात असेल, तर तो सोडायचं म्हटलं तरी सुटत नाही.

‘पण बोर्डात एमसीबी आहे ना?’ आहे, पण ती वायरची राखण करते. गिझरची १६ अँपिअरची एमसीबी १६,००० मिलिअँपिअरपर्यंत निवांत असते. आपले २३० तिच्या गावीही नसतात.

माणसाची राखण करतो तो तिच्या शेजारचा आरसीसीबी. त्याच्या पोटात धातूचं एक कडं असतं. घरात येणारी फेज आणि परत जाणारी न्यूट्रल, दोन्ही त्यातूनच ओवलेल्या. जेवढा प्रवाह गेला तेवढाच परत आला, की दोघींची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना पुसून टाकतात आणि कडं शांत राहतं. गिझर, पंखा, दिवा सगळं एकदम चालू असलं तरी शांत. पण थोडासा प्रवाह वाट चुकून कुणाच्या अंगातून जमिनीत गेला, की हिशेब जुळत नाही. कड्यात चुंबकत्व जागं होतं, त्यावर गुंडाळलेल्या बारीक तारेत वीज उमटते आणि खटका पडतो. गेलेलं आणि आलेलं यांत ३० मिलिअँपिअरचा फरक त्याला पुरतो. आपल्या २३० मिलिअँपिअरच्या झटक्याला तो ०.०४ सेकंदात वीज तोडतो. हृदयाचा एक ठोका साधारण ०.८ सेकंदाचा, त्याचा हा विसावा भाग. झटका बसतोच, पण जीव वाचण्याची खरी संधी मिळते.

आपल्याकडे कोकणात तर त्याची गरज दुप्पट. जांभ्याच्या सड्यावर उन्हाळ्यात जमीन ठणठणीत कोरडी होते आणि अर्थिंग चांगलं लागणं कठीण. समजा, अर्थिंगचा रोध ५० ओहम आहे आणि गिझरच्या टाकीला फेज लागली. जमिनीत ४.६ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरची एमसीबी ढिम्म, आणि टाकी तशीच जिवंत. आरसीसीबीला मात्र हा फरक मर्यादेच्या दीडशे पट आहे, तो तत्क्षणी पडतो. तरीही अर्थिंग हवंच. ते असलं की दोष निर्माण होताच खटका पडतो, कुणी हात लावेपर्यंत थांबावं लागत नाही. आणि कुणी एका हाताने फेज, दुसऱ्याने न्यूट्रल धरली, तर आरसीसीबीला हिशेब बरोबरच दिसतो. तिथे तो काही करू शकत नाही.

म्हणून वस्तू कुठे बसवायच्या, यालाही नियम आहेत. आंतरराष्ट्रीय मानक टब-शॉवरभोवती विभाग आखतं: पाणी साचतं तो शून्य, त्याच्यावर सव्वादोन मीटर उंचीपर्यंतचा एक, त्यापलीकडे ६० सेंटिमीटरचा दोन. एक आणि दोनमध्ये दिवा, पंखा काहीही बसवायचं, तर ते चहूकडून उडणारं पाणी सोसणारं हवं, म्हणजे निदान ‘आयपीएक्स४’ दर्जाचं. सॉकेट या विभागांच्या बाहेर, लांब. आणि न्हाणीघरातल्या सर्किटना ३० मिलिअँपिअरचं संरक्षण हवंच.

पावसाळ्यात खाऱ्या, दमट हवेने बोर्डात ओल धरते, एक्झॉस्ट फॅनच्या जाळीतून पागोळ्यांचं पाणी आत येतं आणि आरसीसीबी सारखा पडू लागतो. मग कुणीतरी वायरमनला म्हणतं, ‘डायरेक्ट करून टाक.’ कृपा करून असं करू नका. तो वीज कुठेतरी गळते आहे, हे सांगतोय. ती गळती शोधा.

आरसीसीबीवर टी लिहिलेलं एक बटण असतं. ते दाबलं की आतल्या आत मुद्दाम थोडी गळती घडवली जाते आणि खटका पडायलाच हवा. नाही पडला, तर त्याच दिवशी बदलून घ्या. आगोटीला आपण कौलं शाकारतो, सरपण आत घेतो. त्याच दिवसांत हे बटणही दाबा. गावाच्या राखणदाराला नारळ द्यायचा असतो. घरातल्या या राखणदाराला एक बोट पुरतं.