बीटल्सचा दफ्तरदार

१९६६ च्या एप्रिलमध्ये लंडनला अनिल भागवत नावाच्या तबलावादकाला एक फोन आला. फोन केला होता 'एशियन म्युझिक सर्कल' चालवणाऱ्या अंगडींनी. संध्याकाळी मोकळे आहात का, जॉर्जबरोबर वाजवायचं आहे, एवढंच ते म्हणाले. कोण जॉर्ज, ते राहूनच गेलं. दारात रोल्स-रॉइस येऊन उभी राहिली तेव्हा भागवतांना उलगडा झाला. ॲबी रोड स्टुडिओबाहेर पोरींची ही गर्दी. थर्मास, केक, सँडविचेस असा सगळा सरंजाम घेऊन ठाण मांडून बसलेल्या. आत बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन. तबला सुरात मिळवून झाला. रविशंकरांच्या धाटणीचं, सोळा मात्रांचं काही वाजवावं, बाकी तुमच्या मनानं, असं ठरलं. गाणं होतं 'लव्ह यू टू'. 'रिव्हॉल्व्हर'च्या वेष्टनावर पुढे भागवतांचं नाव छापून आलं.

आडनाव वाचून मराठी माणूस थबकतोच, तसा मीही थबकलो. पण त्याहून जास्त थबकलो ते थर्मासपाशी. वेष्टनावर फक्त नाव आहे. थर्मास, मोटार, 'कोण जॉर्ज' हा घोळ, यातलं काहीच तिथे नाही. ते आपल्याला ठाऊक आहे, कारण वीसेक वर्षांनी एका माणसाला वाटलं की हे नाव ज्याचं आहे त्याला गाठून विचारावं, त्या दिवशी काय झालं. पुढच्याच वर्षी 'सार्जंट पेपर' तबकडीत हॅरिसनच्या गाण्यावर वाजवणाऱ्या भारतीय वादकांची नावं वेष्टनावर नव्हती. ती उजेडात यायला २०१७ साल उजाडलं.

विचारणाऱ्या माणसाचं नाव मार्क लुइसन. जन्म लंडनचा, १९५८ चा. म्हणजे बीटल्सनी इंग्लंड डोक्यावर घेतलं तेव्हा हा पाच वर्षांचा होता आणि ते फुटले तेव्हा अकरा-बारा वर्षांचा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यानं चाहत्यांच्या संमेलनातली बीटल्सवरची प्रश्नमंजूषा जिंकली. पाठांतराची बक्षिसं मिळवणारे पुष्कळ असतात, आणि बहुतेकांचं तिथेच संपतं. लुइसनला मात्र बक्षीस मिळाल्यावर शंका यायला लागल्या. आपण जी उत्तरं घडाघडा देतो ती खरी कशावरून? फिलिप नॉर्मन यांच्या 'शाउट!' या १९८१ च्या चरित्रासाठी त्यानं संशोधन-साहाय्य केलं, आणि मग स्वतःची वाट धरली.

बीटल्सचा इतिहास तोवर होता तो बखरींचा. हंटर डेव्हिस यांचं १९६८ चं अधिकृत चरित्र होतं, पण 'अधिकृत' म्हटलं की काय काय गाळावं लागतं ते आपल्याला सांगायला नको. पुढे आठवणींची पुस्तकं आली. व्यवस्थापकाच्या हाताखालचे, शाळेतले, क्लबातले, जो तो आपली बखर घेऊन उभा. प्रत्येकाच्या बखरीत तो स्वतः मोक्याच्या जागी हजर. खुद्द चौघांनी त्याच गोष्टी मुलाखतींतून इतक्यांदा सांगितल्या की त्या सांगून सांगून गुळगुळीत झाल्या. लुइसननं जे केलं ते आपल्याकडे इतिहासकार राजवाड्यांनी केलं त्याच जातीचं होतं: बखर बाजूला ठेवायची आणि अस्सल कागद शोधायचा.

कागद म्हणजे काय? 'द बीटल्स लाइव्ह!' या १९८६ च्या पुस्तकासाठी तो जुन्या गावोगावच्या वृत्तपत्रांतल्या जाहिराती चाळत होता. कुठल्या सभागृहात, कुठल्या चर्चच्या हॉलमध्ये, कुठल्या तारखेला कार्यक्रम झाला याची नोंद. वाचायला रोजमेळासारखं पुस्तक. पण एकदा तारखा पक्क्या झाल्या की आठवणींची आपोआप झडती होते. 'मी त्या रात्री तिथे होतो' म्हणणाऱ्याला विचारता येतं, कसे होतात? ते तर त्या रात्री दुसऱ्या गावी वाजवत होते.

मग बीटल्सच्या तबकड्या काढणाऱ्या ईएमआय कंपनीनं त्याला ॲबी रोडच्या टेपांच्या कपाटापाशी नेऊन बसवलं. १९८८ चं 'द कम्प्लीट बीटल्स रेकॉर्डिंग सेशन्स' हे त्याचं फळ. रोजच्या रोज, टेकगणिक हिशेब. कंपनीबाहेरच्या कुणाला त्या मूळ टेप अशा सलग ऐकायला मिळाल्या नव्हत्या. ११ फेब्रुवारी १९६३ ला एका दिवसात दहा गाणी कशी उरकली आणि 'ट्विस्ट अँड शाउट' सगळ्यात शेवटी का ठेवलं (लेननला सर्दी, घसा फाटणार हे उघड, मग बाकी काही गाता आलं नसतं) हे त्यात आहे. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर'चंही. लेननला सातव्या टेकची सुरुवात आवडली आणि सव्विसाव्या टेकचा पुढचा भाग. एकाची लय वेगळी, दुसऱ्याची पट्टीही वेगळी. निर्माता जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी टेपचा वेग कमीजास्त करून दोन्ही जुळवले आणि साधारण मिनिटभरानं सांधा मारला. हे वाचून ज्यानं गाणं पुन्हा लावून तो सांधा कान देऊन शोधला नाही, असा चाहता मला भेटायचा आहे.

त्या पुस्तकाची खरी थोरवी पुढच्यांनी दाखवली. इयन मॅकडोनाल्डचं 'रेव्होल्यूशन इन द हेड' हे गाण्यागणिक रसग्रहण १९९४ चं. ते या नोंदींच्या पायावर उभं आहे. मॅकडोनाल्डशी वाद घालणारेही तारीख आणि टेक क्रमांक लुइसनकडूनच घेतात. अर्थ ज्याचा त्याचा, पण दफ्तर एकाचं.

एवढं झाल्यावर कुणीही थांबला असता. लुइसननं मध्ये बेनी हिल या विनोदी नटाचं चरित्र लिहिलं, दूरचित्रवाणीवरच्या विनोदी मालिकांचा जाडजूड कोश केला. त्याला नोंदींचं व्यसन आहे, विषय निमित्तमात्र, असं मला कधीकधी वाटतं. शतक बदलल्यावर मात्र त्यानं तीन खंडांचा संकल्प सोडला: 'ऑल दीज इयर्स'. पहिला खंड 'ट्यून इन' २०१३ च्या ऑक्टोबरात आला. तो सुरू होतो १८४५ मध्ये, चौघांचे पूर्वज लिव्हरपुलात येतात तिथून, आणि संपतो ३१ डिसेंबर १९६२ ला. म्हणजे जग ज्यांना बीटल्स म्हणून ओळखतं ते अजून व्हायचेच आहेत. नेहमीची आवृत्ती नऊशेच्या वर पानांची, आणि ज्यांची तेवढ्यानं भूक भागत नाही त्यांच्यासाठी दोन पुठ्ठ्यांत १,७२८ पानांची वाढीव आवृत्ती. पणजोबांच्या पिढीत मी दोनदा अडखळलो, हे कबूल करतो. पण या थोरल्या आवृत्तीची पारायणं करणारे लोक आहेत.

ते पारायणं का करतात, हे कळण्यासाठी त्यातलं एकच प्रकरण घेऊ. बखर अशी: सगळ्या कंपन्यांनी नाकारलेल्या पोरांची टेप घेऊन त्यांचा व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन दारोदार फिरत होता; ईएमआयच्या पार्लोफोन शाखेच्या जॉर्ज मार्टिननं ती ऐकली, ६ जून १९६२ ला पोरांची परीक्षा घेतली, गाण्यापेक्षा त्यांच्या हजरजबाबीपणावर तो खूश झाला (काही आवडलं नसेल तर सांगा, असं त्यानं म्हटल्यावर हॅरिसननं त्याच्या टायला नाव ठेवलं) आणि करार केला. पारखी गुरू आणि उपेक्षित शिष्य. गोष्ट इतकी गोड की तपासावीशी कुणाला वाटलीच नाही.

लुइसननं कराराचे कागद पाहिले. ते त्या 'परीक्षे'च्या आधीचे निघाले. करार ठरलेला असताना परीक्षा कसली? मग त्यानं उलट माग काढला. एपस्टाइन फेब्रुवारी १९६२ मध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या एचएमव्हीच्या दुकानात टेपवरून तबकडी कापून घ्यायला गेला होता. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर ईएमआयच्याच मालकीची आर्डमोर अँड बीचवुड ही गाण्यांचे हक्क घेणारी कंपनी. तिथल्या सिड कोलमन आणि किम बेनेट यांना रस होता तो लेनन-मॅकार्टनीच्या 'लाइक ड्रीमर्स डू' या गाण्यात. हक्क मिळवायचे तर तबकडी निघायला हवी. त्यांनी वर तगादा लावला. ईएमआय रेकॉर्ड्सचे प्रमुख एल. जी. वुड तेव्हा मार्टिनवर नाराज होते. एक कारण म्हणजे मार्टिनचं आपल्या सेक्रेटरीशी जुळलेलं प्रकरण, जिच्याशी त्यानं पुढे लग्न केलं. वुडनी ही पोरं मार्टिनच्या गळ्यात मारली. म्हणजे पारखी गुरूनं शिष्य निवडले नव्हते, साहेबानं ते त्याच्या माथी मारले होते.

आता गंमत पाहा. यानं मार्टिन लहान होतो का? मला तर उलट वाटलं. नको असलेलं काम अंगावर पडल्यावर त्यातून पुढच्या सात-आठ वर्षांत त्यानं जे उभं केलं, ते आधीच्या गोष्टीपेक्षा मोठं आहे. पण ते बाजूला राहू दे. मला नवल वाटतं ते चाहत्यांचं. त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट या माणसानं मोडली, आणि त्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. आपल्याकडे एखाद्या दैवताच्या आख्यायिकेला कुणी कागद लावून पाहिला तर काय होतं, ते आपण जाणतो. हे लोक मात्र तळटीप वाचून टाळ्या वाजवतात.

टाळ्या अक्षरशः. २०१९ मध्ये लुइसननं 'हॉर्नसी रोड' नावाचा कार्यक्रम घेऊन ब्रिटनमधली नाट्यगृहं पालथी घातली. रंगमंचावर एकटा माणूस, पडदा, छायाचित्रं आणि ध्वनीचे तुकडे. विषय, 'ॲबी रोड' या तबकडीची पन्नाशी. त्याच्याकडे एक टेप होती: ८ सप्टेंबर १९६९, सॅव्हिल रोवरचं बीटल्सच्या ॲपल कंपनीचं कार्यालय. रिंगो इस्पितळात होता, त्याला नंतर ऐकवता यावं म्हणून बैठक ध्वनिमुद्रित केलेली. त्यात लेनन पुढच्या तबकडीची आखणी करतो आहे. जॉन, पॉल, जॉर्ज यांची चार-चार गाणी आणि रिंगोला हवी असतील तर त्याचीही. 'ॲबी रोड' हा आपला शेवट आहे हे ठाऊक असूनच त्यांनी तो केला, ही बखर तिथे कोसळली. याच लेनननं त्याच महिन्यात, २० तारखेला, आपण बाहेर पडत असल्याचं इतरांना सांगितलं. बारा दिवसांत काय झालं? तिकीट काढून आलेली माणसं हा प्रश्न घेऊन घरी गेली.

अशा माणसाकडे दफ्तरं चालत येतात. २०२३ मध्ये कळलं की ४ एप्रिल १९६३ ला स्टो या मुलांच्या निवासी शाळेत झालेला बीटल्सचा कार्यक्रम एका पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यानं टेपवर घेतला होता आणि साठ वर्षं सांभाळून ठेवला होता. इंग्लंडातल्या त्यांच्या कार्यक्रमाचं इतकं जुनं, इतकं पूर्ण मुद्रण दुसरं माहीत नाही. बीबीसीच्या समीरा अहमद यांच्याबरोबर ते ऐकायला लुइसन होता.

कौतुकाला दुसरी बाजूही आहे, आणि तीही चाहत्यांनीच दाखवली. त्याच्याच पद्धतीनं त्यांनी त्याच्याच तळटीपा तपासल्या आणि तक्रार केली की वेगवेगळ्या वेळी बोललेली वाक्यं काही ठिकाणी एकाच अवतरणात जोडली आहेत. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स'सारखा सांधा. गाण्यात तो किमया ठरतो, इतिहासात नाही. तक्रार मला रास्त वाटते. लेननकडे त्याचा कल झुकतो असंही काही जण म्हणतात. तेवढं मला जाणवलं नाही. बीटल्सच्या इतिहासलेखनाचाच इतिहास लिहिणारं एरिन वेबर यांचं पुस्तक २०१६ मध्ये आलं, म्हणजे हा विषय आता कुठवर पोचला ते समजावं.

पण चाहत्यांची मुख्य तक्रार एकच आहे: उशीर. दुसरा खंड १९६३ पासूनचा, तिसरा शेवटापर्यंतचा. पहिल्याला दहा वर्षांहून जास्त काळ लोटला आणि दुसरा यायचाच आहे. लुइसननं साठी केव्हाच ओलांडली. एकहाती काम, हाताखाली फौज नाही, आणि बीटल्सच्या कंपनीच्या तंत्रानं चालायचं नाही हा हट्ट. मॅकार्टनीच्या चाहत्यांसाठी निघणाऱ्या 'क्लब सँडविच'चं काम त्यानं एकेकाळी केलं होतं, 'अँथॉलॉजी' प्रकल्पातही तो होता; पण हे तीन खंड त्याचे स्वतःचे. त्यामुळे जगभरची अनोळखी माणसं लंडनजवळच्या एका गृहस्थाच्या रक्तदाबाची आस्थेनं काळजी करत असतात. त्यानं जिना उतरताना कठड्याला धरावं, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघावं, असं त्यांना मनापासून वाटतं. अर्थात झेब्रा क्रॉसिंगवरूनच.

मी वाट पाहतो आहे ती तिसऱ्या खंडाची. १९६८ च्या जानेवारीत हॅरिसन मुंबईत होता, एचएमव्हीच्या स्टुडिओत. 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या संगीतासाठी शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया अशी माणसं त्यानं जमवली होती. त्याच मुक्कामात एक धून जास्तीची मुद्रित झाली. पुढे लंडनला तिच्यावर शब्द चढले, आणि 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला 'द इनर लाइट' म्हणून ती मार्चमध्ये बाहेर पडली. वादकांना निरोप कुणी धाडला, गाडी आली की ते लोकलनं आले, मध्ये चहा कुठून मागवला, आणि त्यांच्यातल्या कुणी विचारलं का, 'कोण जॉर्ज?'