परताव्याची कार्डे आणि घरचा जमाखर्च

ज्या व्यासपीठावरून इतिहास, तत्त्वज्ञान आणि राज्यकारभार यांविषयी बोलण्याचा प्रघात आहे, तेथे क्रेडिट कार्डासारखा विषय घेऊन उभे राहावयास थोडा संकोच वाटतो. परंतु घरोघर चाललेली चर्चा ऐकली म्हणजे तो संकोच फार वेळ टिकत नाही. नोकरीस लागलेल्या मुलाच्या पाकिटात तीन कार्डे असतात, सून चौथे घेण्याच्या विचारात असते, आणि वडील विचारतात, "अरे, बँक तुला फुकट पैसे का देईल?" हा प्रश्न मोठा मार्मिक आहे. त्याचे उत्तर हाती आल्यावाचून कोणकोणती कार्डे एकत्र बाळगावी याचा हिशेब मांडताच येत नाही. म्हणून आम्ही प्रथम त्या प्रश्नाकडेच वळतो.

समजा, आपण एका दुकानात हजार रुपयांचे कापड घेतले आणि पैसे क्रेडिट कार्डाने दिले. दुकानदाराच्या खात्यात पुरते हजार रुपये जमा होत नाहीत. साधारणपणे दोन टक्क्यांच्या आसपास, धंद्याप्रमाणे काही कमी, काही अधिक, एवढी रक्कम कापली जाते. या कपातीचे तीन वाटेकरी असतात. एक आपल्याला कार्ड देणारी बँक, दुसरी दुकानदाराची बँक आणि तिसरी व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांच्यासारखी मधली यंत्रणा. यांत मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेचा. त्या वाट्यातला काही अंश ती ग्राहकाला परत करते, आणि त्यालाच बाजारात 'कॅशबॅक' असे नाव आहे. म्हणजे परतावा मुळात दुकानदाराच्या गल्ल्यातून निघतो. दुकानदारही ही कपात मनात धरूनच भाव लावतो, आणि तो भाव सर्वांना सारखाच असतो. तेव्हा नोटा मोजून देणारी मोलकरीण आपल्या परताव्याचा थोडासा भार उचलते, ही गोष्ट सुखाची नसली तरी खरी आहे.

याचा पडताळा दोन ठिकाणी पाहावयास मिळतो. बचत खात्यातून यूपीआयने पैसे दिले तर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून काहीही कापले जात नाही. कपात नाही, म्हणून तेथे टिकाऊ परतावाही नाही. आरंभी जी बक्षिसे मिळत होती ती कंपन्यांच्या भांडवलातून आली आणि आटली. दुसरा दाखला युरोपचा. युरोपीय संघाने डिसेंबर २०१५ पासून क्रेडिट कार्डावर बँकेला मिळणाऱ्या या वाट्यास ०.३ टक्क्याची मर्यादा घातली. अमेरिकेप्रमाणे दीड-दोन टक्के परत देणे तेथील बँकांना त्यामुळे आतबट्ट्याचे झाले. विहिरीत असेल तेवढेच पोहऱ्यात येणार!

ही युक्ती नवीन आहे असेही नाही. अमेरिकेत १८९६ साली स्थापन झालेली स्पेरी अँड हचिन्सन ही कंपनी दुकानदारांना हिरवी तिकिटे विकत असे. दुकानदार ती गिऱ्हाइकास खरेदीच्या प्रमाणात देई, आणि गृहिणी ती वहीत चिकटवून भरलेल्या वह्यांवर भांडीकुंडी घेऊन येत. कार्डाचा इतिहास त्यानंतरचा. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो गावी कोणी मागितलेली नसताना सुमारे ६०,००० कार्डे टपालाने घरोघर धाडली. पुढे १९८६ साली सिअर्स या दुकानदार कंपनीने डिस्कव्हर कार्ड अमेरिकाभर आणले, आणि खर्चाचा काही भाग रोख परत देण्याची चाल तेव्हापासून रूढ झाली. आपल्याकडे पहिले क्रेडिट कार्ड १९८० साली सेंट्रल बँक ऑफ इंडियाने काढले.

आता कोणी म्हणेल, दुकानदाराकडून दोन टक्के मिळतात, मग काही कार्डे पाच टक्के कशी देतात? शंका रास्त आहे. वरचे तीन टक्के तीन वाटांनी येतात. एखादी विक्री करणारी कंपनी गिऱ्हाईक बांधून ठेवण्यासाठी स्वतः काही भार सोसते. २०१८ साली आयसीआयसीआय बँकेने ॲमेझॉनशी मिळून काढलेले कार्ड या जातीचे. आरंभी ते ॲमेझॉनच्या प्राइम सभासदांस पाच टक्के, इतरांस तीन टक्के आणि बाहेरच्या बहुतेक खरेदीवर एकच टक्का देत असे. दुसरी वाट वार्षिक फीची. तिसरी वाट म्हणजे पूर्ण बिल न भरणाऱ्या कार्डधारकांच्या व्याजाची. ही तिसरी वाट ध्यानात असू द्यावी, कारण पुढे तिची गाठ पडणार आहे.

कार्डांची जुळणी करावयाची तर सुरुवात कार्डांच्या जाहिरातींपासून न करता घरच्या जमाखर्चाच्या वहीपासून करावी. गेल्या सहा महिन्यांचा खर्च काढावा आणि त्यातून कार्डाने देता न येणारा किंवा दिला तरी परतावा न मिळणारा खर्च आधी बाजूस काढावा. घरकर्जाचा हप्ता कार्डावर जात नाही. घरभाडे, पेट्रोल, विम्याचे हप्ते, सोने, पाकिटात भरलेले पैसे यांना पुष्कळ कार्डे वगळतात. ही वगळणूक बारीक अक्षरांत असते, आणि लोक फसतात ते बहुधा येथेच.

एक मध्यमवर्गीय कुटुंब नमुन्यादाखल घेऊ. दरमहा इंटरनेटवरील खरेदी ६,००० रुपये, मोठ्या दुकानातील वाणसामान ८,०००, वीज-फोन-गॅसची बिले ४,०००, पेट्रोल ३,००० आणि औषधे, कपडे, हॉटेल मिळून ५,०००. एकूण २६,०००, म्हणजे वर्षाचे ३,१२,००० रुपये. या कुटुंबाने पेट्रोलखेरीज सर्वांवर दीड टक्का देणारे, बिनफीचे एकच कार्ड घेतले तर दरमहा २३,००० रुपयांवर ३४५ आणि वर्षाला ४,१४० रुपये परत येतील. हा झाला पाया. पुढचे प्रत्येक कार्ड या पायावर किती भर घालते एवढेच पाहावयाचे. ते एकटे किती देते हे पाहू लागलो की हिशेब चुकतो.

दुसरे कार्ड इंटरनेटवरील खरेदीवर पाच टक्के, इतरत्र एक टक्का देणारे, आणि फी ९९९ रुपये अशी कल्पना करा. सहा हजारांवर त्याचे ३०० रुपये होतात. पण तेथे पहिल्या कार्डाने ९० रुपये दिलेच असते. म्हणून खरी भर २१० ची, वर्षाची २,५२०. फीवर अठरा टक्के जीएसटी धरला की ती सुमारे १,१७९ होते, आणि हाती राहतात १,३४१ रुपये. अशा कार्डाची फी भरून निघावयास दरमहा निदान २,८०० रुपयांची इंटरनेट-खरेदी हवी. ती नसेल तर ते कार्ड घेऊच नये.

येथे एक गमतीची बाजू आहे. वर्षात दोन लाख खर्च झाल्यास फी माफ, अशी अट पुष्कळदा असते. आपल्या कुटुंबाची इंटरनेट-खरेदी ७२,००० ची, म्हणजे १,२८,००० रुपये कमी पडतात. वाणसामानाचा आणि इतर खर्च मुद्दाम या कार्डावर वळवला तर दीड टक्क्याऐवजी एकच टक्का मिळेल, म्हणजे ६४० रुपयांचे नुकसान. पण फीचे १,१७९ वाचतील. वळवणे फायद्याचे ठरले, ५३९ रुपयांनी. मात्र फी माफ व्हावी म्हणून नको असलेली वस्तू घेतली की हा सारा हिशेब पाण्यात गेला.

तिसरे कार्ड बिलांवर पाच टक्के देणारे, पण महिन्याला १०० रुपयांपर्यंतच. ४,००० पैकी २,००० त्यावर भरावे, उरलेले पहिल्या कार्डावर. दोन्ही मिळून १३० रुपये झाले, पूर्वीचे ६० होते. भर ७० ची, वर्षाची ८४०. चौथे कार्ड घेतले तर आमच्या मते या खर्चाच्या कुटुंबाला वर्षाकाठी दोन-तीनशे रुपयांहून अधिक भर सहसा पडणार नाही, आणि आणखी एक देय तारीख तेवढी डोक्यावर बसेल. तीन कार्डांचे मिळून ४,१४० चे ६,८६० झाले. म्हणजे जुळणी करण्याच्या साऱ्या खटाटोपाची कमाई २,७२० रुपये.

कोपऱ्यावरच्या वाण्याचे काय, असे काही जण विचारतील. त्याच्याकडे कार्डाचे यंत्र नसते. जून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रुपे क्रेडिट कार्डे यूपीआयला जोडण्याची मुभा जाहीर केली, आणि सप्टेंबरपासून तशी सोय सुरू झाली. वाण्याच्या भिंतीवरील चौकोनी ठिपक्यांच्या चित्रावर मोबाइल धरून आता क्रेडिट कार्डाचे पैसे देता येतात. तेव्हा बाळगावयाच्या कार्डांपैकी एक रुपेचे असावे हे बरे. छोट्या दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारावर कपात सोसावी लागू नये, अशी तजवीज करण्यात आली. मात्र याच कारणाने बँका अशा लहान खर्चावर परतावा देताना हात आखडता घेऊ शकतात. नियम वाचून मगच मोबाइल पुढे करावा.

दर आज आहेत तेच उद्या राहतील, या भरवशावरही कोणी राहू नये. ॲक्सिस बँकेचे 'एस' कार्ड २०२० साली आले तेव्हा साध्या खर्चावर दोन टक्के देत होते. २०२४ साली ते दीड टक्क्यावर आले. म्हणून वरचा हिशेब दरवर्षी, शक्यतो फी लागण्याच्या महिन्याआधी, पुन्हा मांडावा लागतो.

आता व्याजाकडे येऊ. आमच्या स्वतःच्या घरी घडलेली गोष्ट आहे. बिल आपोआप भरले जावे अशी बँकेला सूचना दिलेली होती, आणि त्या भरवशावर आम्ही निर्धास्त होतो. फॉर्ममध्ये 'पूर्ण रक्कम' आणि 'किमान रक्कम' असे दोन पर्याय होते, आणि आमच्या हातून दुसऱ्यावर खूण झाली होती. महिनाभर सर्व व्यवस्थित चालले आहे असेच वाटत होते. पुढचे बिल हाती आले तेव्हा डोळे उघडले.

त्या चुकीची किंमत आपल्या नमुन्याच्या कुटुंबावर लावून पाहू. बिल २६,००० चे, किमान रक्कम पाच टक्के म्हणजे १,३०० भरली गेली आणि २४,७०० राहिले. आपल्याकडे व्याजाचा दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के, असणे अगदी सामान्य आहे. हे व्याज देय तारखेपासून लागते असा पुष्कळांचा समज असतो. ते लागते खरेदीच्या दिवसापासून. सरासरी खरेदी देय तारखेच्या ३५ दिवस आधीची धरली आणि पुढच्या देय तारखेपर्यंतचे ३० दिवस मिळवले, तर ६५ दिवसांचे १,८४७ रुपये होतात. एवढ्यावर भागत नाही. बाकी थकलेली असता नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही जाते. पुढच्या महिन्याच्या २६,००० वर ३५ दिवसांचे आणखी १,०४७. दोहोंवर अठरा टक्के जीएसटी मिळून सुमारे ३,४०० रुपये. तीन कार्डे जुळवून वर्षभरात मिळवलेले २,७२० एका चुकीच्या खुणेने गेले, वर पदरचे सातशे गेले! दुसऱ्याच्या परताव्याला लागणारे पैसे त्या महिन्यात आम्हीच पुरवले, असे म्हणावयास हरकत नाही.

या दराला कायद्याची वेसण आहे काय? राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली, वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो रद्द ठरवला. तेव्हा सावधगिरी आपली आपणच बाळगावयाची. ज्याला दरमहा पूर्ण बिल भरणे जमत नाही, त्याने परताव्याचा विचार सोडून आधी जुनी बाकी फेडावी, आणि हाती पैसे नसतील तर कमी व्याजाचे कर्ज काढून फेडावी. कार्डावर यंत्रातून रोकड काढण्याचे तर नावही घेऊ नये. तेथे पहिल्या दिवसापासून व्याज, शिवाय फी, आणि परतावा शून्य.

तीन कार्डांच्या तीन तारखा सांभाळण्याचा एक साधा उपाय आहे. बिलाचे चक्र निदान एकदा आपल्या सोयीने बदलून घेण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेने कार्डधारकांना दिलेला आहे. त्याचा उपयोग करून सर्व देय तारखा पगारानंतरच्या आठवड्यात आणाव्या आणि आपोआप भरण्याची सूचना 'पूर्ण रक्कम' अशीच आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

वर्षाच्या हिशेबात जे कार्ड भर घालीत नाही असे दिसेल ते बंद करावे. २०२२ च्या निर्देशांनुसार, बाकी नसेल तर बँकेने अर्ज आल्यापासून कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद केले पाहिजे. विलंब झाल्यास दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. अर्जाची प्रत व तारीख जपून ठेवावी, आणि जमलेला परतावा आधी काढून घ्यावा. कार्ड बंद झाल्यावर तो बुडण्याचा संभव असतो.